गूळवाल्याच्या परसातल्या मुंग्या

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या परसात एक वृद्ध वैद्य चैत्रातल्या दुपारी पाट टाकून बसले. व्यापाऱ्याचा मुलगा त्यांचाच शिष्य. दुसऱ्या दिवशी व्यापारी गावाची कावड खांद्यावर घेऊन महादेवाचा उभा घाट चढणार होता. त्याआधी गुरुजींनी त्याची नाडी पाहावी, एवढीच शिष्याची विनंती. खरे तर ती त्याने स्वतःच पाहिली होती. नाडी ठणठणीत, चेहऱ्यावर तेज. गुरुजींनी आता फक्त मान डोलवायची होती.

गुरुजींनी नाडीला हातही लावला नाही. "परसात गुळाचा कण राहू देऊ नकोस. धुऊन काढ," एवढेच म्हणाले. शिष्याने घागरीमागून घागर ओतली. मग दोघे नुसतेच बसून राहिले. लिंबाची सावली लांबत गेली, पापण्या जड झाल्या, आणि त्या गुंगीतच शिष्याला फरशीवरून एक काळी रेघ चालताना दिसली. मुंग्या परतल्या होत्या. गूळ कुठेच नव्हता, तरी त्या कोपऱ्यातल्या भिंतीकडे वळल्या. तिथे त्याचे वडील रोज लघुशंकेला बसत.

शिष्य उठून त्या भिंतीपाशी गेला. गुळाच्या घरी मुंग्या असायच्याच, असे म्हणत त्याने हे वर्षभर पाहूनही पाहिले नव्हते.

"पण गुरुजी, वडिलांना काहीच होत नाही हो!"

"जाणवत नाही, एवढंच. रक्तातली गोडी वाढली की ती लघवीत उतरते, मुंग्यांना आधी कळते; आणि आतून ती हृदयाला कुरतडू लागते. हृदय मोठं सोशिक, बाळ. ते कुरकुरत नाही. मग एके दिवशी चढावर मटकन खाली बसतं."

व्यापारी दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा जन्म गुऱ्हाळावर गेलेला.

"रस आटवायच्या काहिलीचंही असंच असतं, वैद्यबुवा," तो हळूच म्हणाला. "तळाला धरू लागतं तेव्हा वर फेस कसा सोन्यासारखा असतो. नुसता वास आला की जाळ ओढावा लागतो. एकदा करपलं की करपलं."

"आत्ता वासच आलाय," गुरुजी म्हणाले.

आपल्यालाही डॉक्टर सांगतात, 'साखर जराशी वाढलीय', आणि त्या 'जराशी'वर आपण निवांत पेढा उचलतो.

सकाळी व्यापाऱ्याने कावड लेकाच्या खांद्यावर दिली आणि पायथ्यापर्यंत सोबत चालत आला. घाटाच्या मध्यावर शिष्याने वळून पाहिले. वडील खाली दगडावर बसून त्याच्याकडेच पाहत होते. ते त्याला पहिल्यांदाच म्हातारे वाटले, आणि फार फार हवेसे.