राजाच्या बंदुकीतला गज

ठासणीच्या बंदुका होत्या, त्या काळची गोष्ट. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका लहानशा राज्यात एक शिकलगारीण राहत होती. तिचं नाव जैतुनबी. तलवारींना पाणी देणं, बंदुका साफ ठेवणं हे तिच्या घराण्याचं काम. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्यामागे शिलेखाना, म्हणजे राजाच्या शस्त्रांचं कोठार, तिच्या हाती आला. सुरुवातीला शिपाई हसले. पुढे लढाईत एकाचीही बंदूक अडली नाही, तेव्हा त्यांचं हसणं आपोआप थांबलं.

तिची रीत ठरलेली होती. बंदूक हातात आली की आधी नळीत गज घालायचा. गजावर एक खाच होती. खाच नळीच्या तोंडाशी टेकली तर बंदूक रिकामी. चार बोटं वर राहिली तर आत दारू आणि गोळी आहे, असं समजायचं. एवढं झाल्यावर मग कढत पाणी, मग कोरडं फडकं, मग आणखी एक कोरडं फडकं, आणि शेवटी तेलाचा नुसता हात. चाप ओढला की फुटणाऱ्या इवल्याशा दारूच्या टोपीखालचं बारीक भोक ती सुईने मोकळं करायची, कारण टोपीची ठिणगी तिथूनच आतल्या दारूपर्यंत पोचते. राजकन्येची छऱ्याची बंदूक आली तरी तीच काळजी. तेल डोळ्यांना दिसलं तर ते जास्त झालं, असं ती म्हणे.

एकदा राजा पाहुण्यांना घेऊन रानडुकराच्या शिकारीला गेला. परत आल्यावर शिलेखान्यासमोर घोड्यावरून उतरला आणि आपली बंदूक स्वतःच जैतुनबीच्या हातात दिली. बंदूक रिकामी आहे, आत्ताच झाडली, असंही सांगितलं. जैतुनबीने मान लवून बंदूक घेतली, नळी आभाळाकडे केली आणि आत गज सोडला.

खाच तोंडाशी टेकली. बंदूक रिकामीच होती.

पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. त्यांतला एक म्हणाला की, या राज्यात राजाचा शब्दही मोजून घेतात वाटतं. राजाचे कान लाल झाले. कारभाऱ्याने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जैतुनबीला दरबारात बोलावणं आलं. राजा गादीवर बसला होता, बोलला मात्र कारभारी. कारभारी तसा दुष्ट नव्हता. त्याने तिच्या कामाची आधी स्तुती केली. मग म्हणाला की शिपायांच्या, सरदारांच्या, हव्या त्या बंदुका तपास. फक्त राजेसाहेबांनी रिकामी म्हटलेली बंदूक तपासायची नाही. एवढं कबूल कर, म्हणजे कालचं विसरलं जाईल.

कारभाऱ्याच्या मागे उभे असलेले शिपाई तिला डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण.  जैतुनबीच्या घरी म्हातारी आई होती, आणि हे काम सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं. तरी ती म्हणाली, "कबूल नाही, सरकार."

कारभाऱ्याने विचारलं, राजाच्या शब्दावर तुझा भरवसा नाही काय?

"शब्दावर आहे. पण शब्द नळीत जाऊन बघत नाही. आज राजांची सोडली की उद्या सेनापतींची सोडावी लागेल, परवा तुमची. आणि गोळीला माणूस ओळखता येत नाही."

"काल तर रिकामीच निघाली होती."

"रिकामी आहे हे काल कळलं, ते गज घातल्यावर. उद्याही घालीन. महाराजांनी दिली तरी घालीन, महाराजांच्या वडिलांनी वरून खाली येऊन दिली तरी घालीन."

 राजा उठून आत निघून गेला. संध्याकाळपर्यंत शिलेखान्याच्या किल्ल्या जैतुनबीकडून काढून घेण्यात आल्या.

ती बाजाराच्या कोपऱ्यावर विळे, कात्र्या आणि अडकित्ते यांना धार लावू लागली. आई म्हणायची, अगं, वाकली असतीस तर काय कंबर मोडली असती?  चाक फिरवताना जैतुनबीला रोज वाटायचं की आपलं चुकलं असेल. आणि रोज तिची खात्री व्हायची की चुकलेलं नाही.

शिलेखान्यात केरबा नावाचा नवा माणूस आला. तो मेहनती होता, गोड बोलणारा होता. बंदुका त्याने अशा चमकवल्या की त्यांत तोंड दिसावं. तेल तो सढळ हाताने ओतायचा. नळीत, टोपीखाली, जिथे जाईल तिथे. दरबाराला चमक आवडली. राजा बंदूक देताना रिकामी म्हणाला की केरबा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि मुजरा करायचा. गज घालायचं त्याच्या मनात यायचंही, पण आधीच्या बाईचं काय झालं ते त्याला माहीत होतं.

असे चार महिने गेले. मग पुन्हा शिकार निघाली. डुक्कर झाडीतून बाहेर पडलं आणि पाच बंदुकांचे चाप एकदमच ओढले गेले. धुराचा लोट उठला, डुक्कर पडलं. राजाने आपली टोपी फुटलेली पाहिली होती, आवाज तर झालाच होता, म्हणून आपलीही बंदूक झडली असं त्याला वाटलं. पण त्याच्या बंदुकीतलं बारीक भोक चिकट तेलाने बुजलेलं होतं. टोपीची ठिणगी तिथेच विझली होती. दारू आणि गोळी आत जशीच्या तशी होती.

वाड्यावर आल्यावर राजाने बंदूक केरबाला दिली आणि अगदी खऱ्या मनाने सांगितलं, रिकामी आहे.

भोकातली काजळी उडवायला नवी टोपी बसवून चाप ओढायचा, ही केरबाची सवय. त्याने टोपी बसवली, डाव्या हाताने नळीचं तोंड धरलं आणि चाप ओढला. पहिल्या टोपीने भोक अर्धं मोकळं केलं होतं. या वेळी ठिणगी आत पोचली.

राजा अजून अंगणातच होता. धावत आत आला तेव्हा केरबा भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. तशाही स्थितीत तो राजाचीच माफी मागत होता. राजाने आपला शेला फाडून त्याचा हात बांधला. वैद्य येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

सकाळी राजा कारभाऱ्याला घेऊन बाजाराच्या कोपऱ्यावर चालत आला. जैतुनबी उठून उभी राहिली. तिने पहिल्यांदा केरबा जगेल ना, एवढंच विचारलं. जगेल, असं कळल्यावर ती खाली बसली.

"मी खोटं बोललो नव्हतो, जैतुनबी," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे, महाराज. खोटारड्यापासून माणूस सावध असतोच. ही रीत खरं बोलणाऱ्यांसाठी आहे. त्यांचीच चूक कुणी तपासत नाही."

राजाने तिला परत यायची विनंती केली. तिने दोन अटी घातल्या. केरबाला काढायचं नाही, तो तिच्या हाताखाली काम शिकेल. आणि खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या दिवशी, भरल्या दरबारात राजाने आपली बंदूक स्वतः तपासून द्यायची. कारभारी हे ऐकून चरफडला. राजाने दोन्ही अटी मान्य केल्या.

खंडेनवमीला झेंडूच्या माळांखाली सगळा दरबार जमला. पहिल्या शिकारीतले ते पाहुणेही आले होते. राजाने आपली बंदूक उचलली, नळी आभाळाकडे केली, गज आत सोडला आणि खाच सगळ्यांना दाखवली. रिकामी. मग त्याने बंदूक जैतुनबीच्या हातात दिली.

जैतुनबीने मान लवून ती घेतली. सगळ्यांना वाटलं, आता ती बाजूला ठेवील. तिने नळी आभाळाकडे केली आणि पुन्हा गज घातला.

कारभारी तोंड उघडणार तोच राजाने हाताने त्याला थांबवलं आणि जैतुनबीची नजर खाचेवरून वर येईपर्यंत तो तिच्यासमोर उभा राहिला. पाहुण्यांपैकी या वेळी कुणीही हसलं नाही.

तात्पर्य: मोठ्या माणसासाठी जो नियम वाकतो, तो लहान माणसाच्या अंगावर मोडून पडतो, म्हणून मान लवली तरी चालेल, रीत लवू देऊ नये.