मावशीची दाद

फार पूर्वी एका रानात, सगळे पक्षी उंबरं खाण्यात दंग असताना खारीने बातमी आणली, “भृंगराजा, बुलबुलमावशी गेली रे.”

भृंगराजाच्या चोचीतलं फळ खाली पडलं. तो कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. स्वतः नवं गाणं गायलं, की लगेच पानांआड जाऊन साळुंकीच्या, नाहीतर मावशीच्या आवाजात “वाहवा!” म्हणायचा. मावशी उगाच कुणाला दाद देत नसे, म्हणून तिचा आवाज ऐकला की सारं रान गोळा व्हायचं.

परवाच मावशी त्याला म्हणाली होती, “लबाडा, माझी दाद मला न विचारताच घेतलीस होय? आता ते गाणं मला ऐकव तरी. आवडलं तर मीच सांगेन चारचौघांत.”

“आणि नाही आवडलं तर?”

“तर तुझ्या एकट्याच्या कानात सांगेन.”

तो घाबरला. “उद्या ऐकवतो,” म्हणाला आणि उडून गेला.

आता तो तिच्या रिकाम्या फांदीवर येऊन बसला. तिचा आवाज त्याला अजून काढता येत होता. पण त्या आवाजात गाण्याविषयी खरं काय बोलावं, ते काही सुचेना. मावशीला ते गाणं त्याने ऐकवलंच नव्हतं.