ओला चिरा

वेळशेतच्या ओढ्यावरची कमान पाहायला आलेले लोक तिच्या माथ्याशी येऊन थांबतात. बाकीचे सगळे चिरे उन्हापावसाने काळे पडले आहेत, त्यांच्या सांध्यांतून नेचे उगवले आहेत. माथ्यावरचा एक चिरा मात्र तांबडाच आहे. त्याच्यावर शेवाळ धरत नाही. गावचे म्हातारे बाबल मेस्त्री पाहुण्यांना म्हणतात, "हात लावून बघा. कोरडा आहे ना? सगळ्यांना लावायला सांगतो मी. आमच्याकडे तशी रीतच आहे." आणि मग ते खाली बसून सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा खाडीत समुद्रापलीकडची गलबते येत. रोम नावाच्या शहराचे नाव इथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते, कारण तिथली माणसे द्राक्षांच्या दारूचे रांजण आणि सोने उतरवायची आणि मिरी, कापड भरून न्यायची. लोक त्यांना यवन म्हणत. बंदर ओढ्याच्या पलीकडे, गाव अलीकडे. पावसाळ्यात ओढा दर वर्षी एखादे माणूस नेई. एका वर्षी त्याने सामिक पाथरवटाचे आईबाप एकाच दिवशी नेले. सामिकने देवीपुढे नवस केला, की या ओढ्यावरून माणूस कोरड्या पायांनी पलीकडे जाईल त्या दिवशीच मी पायात वहाणा घालीन.

सामिकचा धाकटा भाऊ नागल तेव्हा लहान होता. त्याला सामिकने आणि त्याची बायको भायिला हिने वाढवले. नागल हाताचा चांगला, पण भारी उतावळा. "चिरा पोचायच्या आधी हाच पोचतो," असे सामिक चारचौघांत म्हणे आणि हसे. नागलला ते हसणे लागायचे. पण भाऊ जिथे जाईल तिथे तोच मागे मागे जायचा.

एके वर्षी एका गलबतावरचा गवंडी तापाने फणफणला आणि गलबत त्याला किनाऱ्यावर टाकून गेले. परतीचा वारा एकदा सुटला की ती माणसे कुणासाठी थांबत नसत. त्याचे नाव लुकू. भायिलाने त्याला पेज भरवली आणि तो जगला. बरा झाल्यावर त्याने नवसाची गोष्ट ऐकली, ओढ्याकडे पाहिले आणि वाळूत बोटाने अर्धा गोल काढला. "आमच्याकडे पाणीसुद्धा असल्या कमानींवरून चालत येतं," तो मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला. "डोंगरातून शहरात."

"पाणी चालतं? मग दारू उड्या मारत येत असेल," सामिक म्हणाला. लुकू पोट धरून हसला. तेव्हापासून त्यांची दोस्ती जमली.

शिमगा झाल्यावर त्यांनी चिरे काढले. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो, कुऱ्हाडीने सोलता येईल इतका मऊ. त्याला ऊन आणि वारा दाखवला की तो हळूहळू लोखंडासारखा होतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. लुकूने दाखवले तसे प्रत्येक चिऱ्याला पाचरीचा आकार दिला, महिनोन् महिने वाळवले, पावसाळ्यात झावळ्यांखाली झाकून ठेवले. कार्तिकात ओढ्यात लाकडी साचा उभा राहिला, साच्याखाली टेकू लागले, आणि दोन्ही काठांकडून चिरे चढू लागले. यवनांची गलबते बंदरात आली होती. चार दिवसांत ती परत निघणार होती आणि लुकू त्यांच्याबरोबर जाणार होता.

"दोन्ही बाजूंना पेलून धरणारा माथ्याचा चिरा नागल बसवेल," सामिकने सगळ्यांदेखत सांगितले. "दोघांनी उचला. एकट्याने उचलायचा नाही."

नागलने एकट्याने उचलला. भाऊ आणि लुकू जेवून येईपर्यंत तो बसवून दाखवायचा होता त्याला. अर्ध्या चढावर पाय घसरला, चिरा खालच्या कातळावर पडला आणि दुभंगला.

त्याने तुकडे पाण्यात लोटले. खाणीकडे पळत गेला, तासाभरात नवा चिरा काढला, त्याच मापाचा, आणि आणून बसवला. रंग तोच होता. हाताला मात्र गार लागत होता. सामिकने येऊन पाहिले आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. "बघा रे, आमचा उतावळा," तो म्हणाला. सबंध आयुष्यात त्याने अशी थाप मारली नव्हती. नागल खाली वाकून हत्यारे गोळा करू लागला.

दुसऱ्या दिवशी टेकू काढायचे होते. लुकू कंबर बांधून साच्याखाली निघाला. त्यांच्या मुलखाची चालच तशी म्हणे, ज्याने कमान बांधली त्याने टेकू निघताना तिच्याखाली उभे राहायचे. सामिकने त्याचा दंड धरला. "तू पाहुणा आहेस. तुझं गलबत उभं आहे. नवस माझा आहे, मी उभा राहतो."

त्याने नव्या वहाणा काठावर जोडून ठेवल्या, पलीकडे जायच्या दिशेने तोंडे करून, आणि खाली उतरला.

"दादा," नागल म्हणाला.

"काय रे?"

"मी उभा राहतो."

"पुढच्या कमानीला," सामिक म्हणाला आणि हसला.

पहिला टेकू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला माथ्यावरून तांबडा चिखल गळाल्यासारखा गळाला, आणि सगळी कमान खाली बसली.

लुकूने ढिगाऱ्यातले एक लाल ढेकूळ उचलले. बोटांत चुरडले, ते ओले होते. त्याने नागलकडे पाहिले. तेव्हा कुठे नागल बोलला. "दगड ओला होता. पहिला माझ्या हातून फुटला."

भायिला नवऱ्याच्या प्रेताच्या उशाशी बसली होती. तिने मान वर केली. "मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, वहिनी."

यावर ती रडली नाही, ओरडली नाही. मग गावाला म्हणाली, "यापुढे विचारत जा. तीन वेळा विचारा. आणि याला पण विचारा."

गलबते गेली. लुकू गेला नाही. नागलने नवा चिरा काढला आणि पुढच्या कार्तिकापर्यंत त्याच्यापाशी बसून वाळवला. पावसात स्वतः भिजायचा, चिरा झाकायचा. भायिला त्याला भाकर पाठवत असे, पण जन्मात पुन्हा त्याच्याशी बोलली नाही म्हणे. कमान दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा खाली नागल उतरला. लुकूने वरून तीन वेळा विचारले, काही सांगायचे राहिले का. तिन्ही वेळा नागलने एकच उत्तर दिले, पहिल्या कमानीच्या दिवशी द्यायचे राहिलेले. टेकू निघाले, कमान हलली नाही. नागल खालीच उभा राहिला. त्याला हाताला धरून वर आणावे लागले. वहाणा काठावर तशाच होत्या. त्याने त्या उचलून पलीकडे नेऊन ठेवल्या आणि अनवाणी परत आला.

लुकूची समाधी कुठे आहे ते आता कुणाला ठाऊक नाही. त्याच्या शहराचे राज्यही बुडाले म्हणतात. त्याने आणलेली कमान राहिली आणि ती चाल राहिली.

आजही वेळशेतात कुणाच्या घराचा स्लॅब टाकून झाला आणि टेकू काढायची वेळ आली, की बांधणारा खाली उभा राहतो आणि घरातला कुणीतरी मोठ्याने विचारतो, "सांगायचं राहिलंय का कुणाचं?" कुणी म्हणतो, रेती थोडी खारी होती. कुणी म्हणतो, परवा पाणी मारायचं विसरलो. पुन्हा विचारतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळे गप्प राहिले, तरी ती वेळ रिकामी जाऊ देत नाहीत. तिथे जो सर्वांत म्हातारा असेल तो नागलच्या वतीने म्हणतो, "दगड ओला होता."

मग पहिला टेकू काढतात.