जासुदाची घुंगरं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा पत्रं माणसांच्या पायांनी जायची.

एका डोंगरी राज्यात कोंडू नावाचा जासूद होता. गडावरून निघायचं आणि राजाची पत्रं वीस कोसांवरच्या बंदरात पोचवायची, हे त्याचं काम. त्याच्या काठीला घुंगरं बांधलेली असायची. ती वाजली, की वाटेवरच्या गावांत लोक पाणी आणि गुळाचा खडा घेऊन उभे राहत. कोंडू घोटभर पाणी प्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि पुढे पळायचा.

एकदा राजानं हुकूम काढला, ‘पत्र सूर्य मावळायच्या आत पोचलंच पाहिजे. तीनदा उशीर करील त्यानं काठी खाली ठेवावी.’

कोंडूला वाटलं, काठी गेली तर उरलं काय? त्यानं घुंगरं काढून घरात टाकली आणि गावं टाळणारी रानवाट धरली. बायको गोदा बोलत बसते, झोप मोडते, म्हणून तो चौकीतच निजू लागला.

आठ दिवस तो वेळेआधी पोचला. गडी खूश! पण मग पाय जड व्हायला लागले. त्यानं सराव वाढवला. भल्या पहाटे खांद्यावर धोंडा घेऊन तो गड चढू लागला. अन्न गोड लागेना, झोप येईना. एकदा उशीर झाला. दुसऱ्यांदा तर तो खिंडीत मटकन खालीच बसला.

शेवटी तो म्हाताऱ्या नाईकाकडे गेला. जासुदांचा हा मुखिया. त्यानं कोंडूचे पाय चेपून पाहिले.

“पाय ठणठणीत आहेत. घरी कधी गेला होतास?”

“नाईक, दुखणं पायांचं आहे. घरचं काय विचारता?”

“अरे शहाण्या, पाय का एकटेच पळतात? घुंगरं कुठं आहेत तुझी?”

“घरात टाकलीत.”

“दोन दिवस घरी जा. धोंडा इथंच ठेव. आणि परवा जुन्या वाटेनं जा.”

कोंडू भीत भीत घरी गेला. गोदानं आधी चांगला दम भरला, मग गरम भाकरी वाढली. तो पोटभर जेवला, पोटभर बोलला आणि मेल्यासारखा झोपला. तिसऱ्या पहाटे तिनं जपून ठेवलेली घुंगरं काठीला बांधली. म्हणाली, “वाजत जा, वाजत या.”

त्या दिवशीही खिंडीत पाय अडले. आता संपलं सगळं, असं कोंडूला वाटलं. इतक्यात खालच्या गावातून एका म्हातारीची हाक आली.

“कोंड्याची घुंगरं गं बाई! मेल्या, इतके दिवस कुठं तडमडला होतास? रोज गूळ काढून ठेवतेय मी!”

कोंडूला हसू फुटलं. डोळेही भरून आले. तो उठला, खाली उतरला, पाणी प्याला, शिव्या खाल्ल्या आणि सुटला. पुढच्या प्रत्येक गावात तो थांबला. तरीही बंदरावर पोचला, तेव्हा सूर्य समुद्रावर हातभर वर होता.

पुढे कोंडू स्वतः नाईक झाला. नव्या गड्याचे पाय तो नंतर बघायचा. आधी त्याची घुंगरं वाजवून बघायचा.

तात्पर्य एवढंच: पायांना बळ भाकरी देते, पण लांबच्या वाटेचा दम माणसं देतात.