मोहवाडीची ठकूबाई सुईण

आपल्या पणजीच्या पणजीनंही जी ऐकूनच सांगितली, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला मोहवाडीत ठकूबाई नावाची सुईण होती. तिचा हात लागला की अडलेली बाई मोकळी व्हायची. बोलावणं आलं की ती भर पुरातूनही निघायची, आणि नदी तिला वाट द्यायची, असं म्हणतात.

शंभरावं बाळंतपण पार पडलं तेव्हा गावच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली आणि म्हटलं, "ठकूबाई, तुझी विद्या पुरी झाली." ठकूबाईला ते पटलं. असलं माणसाला लवकर पटतं.

त्याच वर्षी तिची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ पायाळू निघालं. दाराशी एक धनगरीण टेकली होती. आतलं कण्हणं ऐकून ती म्हणाली, "बाई, मेंढी अशी अडली तर आमी तिला आडवी न्हाय ठेवत. उठवून उभी करतो. लेकीला ओणवी कर."

ठकूबाई फणकारली, "मेंढराची अक्कल मला नको शिकवूस. शंभर सोडवल्यात मी!"

सगुणा वाचली. बाळ गेलं.

ठकूबाई रडली, पण दुःखाहून तिला स्वतःच्या त्या बोलण्याची लाज जास्त पोळत होती. तिनं लुगडं देवीला वाहिलं आणि धनगरांच्या तळावर जाऊन मेंढ्या व्यायचा हंगामभर त्या बाईच्या हाताखाली राबली.

परतल्यावर तिनं एक रीत धरली. पाचवीच्या दिवशी बाळंतिणीला पाटावर बसवायचं, आपण जमिनीवर बसायचं आणि विचारायचं, "बाई, माझं काय चुकलं?" बाया आधी लाजायच्या. मग एकीनं सांगितलं, हात गार होते. तेव्हापासून ठकूबाई आधी शेगडीवर हात शेकू लागली. दुसरी म्हणाली, तुम्ही ओरडलात; त्यानंतर तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही.

सगुणा पुन्हा आली, आणि पुन्हा बाळ पायाळू. ठकूबाईनं लेकीला ओणवं केलं, घाई आवरली आणि वाट पाहिली. तेवढा वेळ नदीही वाहायची थांबली होती, असं म्हणतात. मुलगी झाली, खणखणीत रडली.

पाचवीला ठकूबाईनं लेकीलाही तेच विचारलं. सगुणानं मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "आई, तेव्हा ऐकलं असतंस, तर ही धाकटी असती."

"चुकलंच माझं," ठकूबाई म्हणाली. तिनं सारवासारव केली नाही.

ती शंभरी ओलांडून गेली, असं म्हणतात. अंथरुणाशी बसलेल्या बायकांनी विचारलं, "ठकूआई, आता तरी शिकून पुरं झालं ना?" ती म्हणाली, "परवाची बाळंतीण म्हणाली, पाणी फार कढत होतं. पुढच्या वेळी बघते." एवढं बोलून तिनं डोळे मिटले.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी मोहवाडीत पाचवीला सून पाटावर बसते, सासू जमिनीवर, आणि सासू विचारते, "बाई, आमचं काय चुकलं?" "काही नाही" हे उत्तर चालत नाही. सुनेनं खरं सांगेपर्यंत सटवाईपुढं दिवा लागत नाही. काही सासवांना तो प्रश्न ओठांवर आणायलाच फार वेळ लागतो. तोवर सगळं घर थांबतं.