महाराजांचा डावा पाय

एका घनदाट अरण्यात वज्रकेसरी नावाचा सिंह राज्य करत असे. राज्य लोकशाही होतं, म्हणजे दर पाच वर्षांनी हरणं मतदान करत आणि सिंह निवडून येई. सरकारी कोठारातलं लोणी तो एकटाच खाई, कारण जनतेला ते पचत नाही, असं प्रचारमंत्री कोल्ह्याने जाहीर केलं होतं.

यंदा निवडणुकीची पदयात्रा निघाली. ओढ्यापर्यंत चाललं की सिंहाच्या डाव्या पोटरीत गोळा येई. थांबला की कळ जाई, चालला की पुन्हा हजर.

"महाराज थांबले!" कोल्हा भोंग्यावरून ओरडे. "जनतेचं ऐकायला थांबले!"

टाळ्या पडत. सिंह मात्र मनातून हादरला होता. पंजा गार पडत चालला होता, आणि लंगड्या सिंहाला मत कोण देणार?

शेवटी त्याने राजवैद्य साळिंदरबाईंना गुपचूप बोलावलं. त्यांनी चारही पंजांची नाडी पाहिली. डाव्या मागच्या पंजाची लागेचना.

"महाराज, पायाची रक्तवाहिनी आतून चरबीने चोंदलीय. चालताना रक्त जास्त लागतं, ते पोचत नाही. आता छातीही तपासू द्या."

"दुखतोय पाय. छातीचा काय संबंध?"

"रोग एकच, महाराज. पायाची वाट बुजलीय तर हृदयाचीही बुजत आली असेल. फरक एवढाच, की हृदयाची वाट अचानक बंद पडली तर जीव तिथल्या तिथे जाऊ शकतो. पाय बहुधा आधी बरेच दिवस कुरकुरतो. मग जखम भरत नाही, मग तो काळा पडतो. लोणी सोडा, औषध घ्या, रोज चाला. दुखलं की थांबा, पुन्हा चाला."

मंत्रिमंडळ बसलं. कोल्हा म्हणाला, "हृदय म्हणजे राजधानी, पाय म्हणजे सीमाभाग. सीमाभाग कुरकुरतोच. यामागे परकी शक्ती आहेत."

मग हुकूम सुटले. महाराजांनी चालायचं नाही. पालखी गाढवं वाहतील. प्रजेने निष्ठा म्हणून लंगडायचं. सरळ चालणारा ससा देशद्रोही ठरून आत गेला. पालखीतून उतरताना महाराजांच्या डाव्या पायाच्या बोटाला काटा लागला, जखम चिघळली, बोट काळं पडलं, तेव्हा काळा हा राज्याचा मंगल रंग ठरला. लोणी चालूच होतं.

विजयसभेत सिंह गरजला, "माझी छाती..." आणि वाक्य तिथेच राहिलं. छातीवर हत्ती बसल्यासारखं झालं, अंगाला दरदरून घाम फुटला, तो कोसळला. समोरच्या हरणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

साळिंदरबाईंनी जीव वाचवला. सडलेला पाय मात्र काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुम्ही सांगत होतात."

"मी एकदाच सांगितलं, महाराज. पाय रोज सांगत होता."

दुसऱ्या दिवशी साळिंदरबाईंची वाळवंटात बदली झाली. कोल्ह्याने राजपत्रक वाचून दाखवलं: छातीत झालेल्या दुर्दैवी घटनेची नैतिक जबाबदारी स्वीकारून डाव्या पायाने राजीनामा दिला आहे, हृदयाला एकमताने मुदतवाढ मिळाली आहे.