न घासलेली समई

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मात्र विचारू नका, कारण या गोष्टीत जुनेपणा विचारणाऱ्याचीच फजिती झाली आहे.

एका राज्यात एक सरदार होता. लढाया संपल्या, तलवारी खुंटीला लागल्या, तेव्हा त्याला जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. हवेलीशेजारी त्याने एक लांबलचक दालन बांधलं आणि त्यात मूर्ती, मुखवटे, ढाली, अडकित्ते, पानाचे डबे ओळीने मांडले. प्रत्येक वस्तूशेजारी तिची हकीकत लिहिलेली पाटी असे. लोक लांबून लांबून बघायला येत.

सरदार स्वतः काही रानोमाळ हिंडत नसे. वस्तू आणून देणारी माणसं वेगळी होती, आणि त्यांच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आणलेली वस्तू तो नखाने खरवडे, हुंगे, कधी जिभेलाही लावून बघे. आणणाऱ्याला तर वस्तूपेक्षाही निरखून बघे. त्याने पाणी मागितलं, तर का मागितलं? नाही मागितलं, तर का नाही मागितलं? असा त्याचा स्वभाव.

वस्तू आणणाऱ्यांत दोघे मुख्य होते. एक दलाल आणि एक गाडीवाला.

दलालाच्या तोंडात साखर होती. त्याने आणलेला साधा तांब्याही कुठल्या तरी राणीच्या माहेरचा निघे. गाडीवाला बैलगाडी घेऊन गावोगाव फिरे, आणि बोलायच्या बाबतीत अगदी कोरडा.

"हे किती जुनं?" सरदार विचारी.

"ठावं न्हाई, सरकार. माळ्यावर पडलेलं होतं."

"कुणाचं?"

"ज्याच्या माळ्यावर होतं, त्याचं."

सरदाराच्या कपाळाला आठी पडे. दलालाला सगळं माहीत असतं आणि याला काहीच नाही? हा नक्की काहीतरी लपवतोय, असं त्याच्या मनाने घेतलं.

अशात राजाने डोंगरातल्या एका खोऱ्यात मोठं तळं बांधायला काढलं. त्या पाण्याखाली एक गाव जाणार होतं. गावकरी चार दिशांना निघाले. भांडी वाटली, गुरं वाटली, पण देवळातली पितळी समई कुणी न्यायची हे ठरेना. गाव एक होतं तेव्हा समई एक होती. आता तिचे तुकडे करणार का?

शेवटी गाडीवाला म्हणाला, "सरदाराच्या दालनात ठेवू. तिथं कुणालाही जाता येतं. ज्याला आठवण येईल त्यानं जावं, बघावं."

गावकऱ्यांना ते पटलं. देवळाची झाडलोट करणाऱ्या बाईने समई शेवटची घासली आणि डोळे पुसत गाडीत ठेवली. "मोल नगं म्हणावं," ती म्हणाली. "निस्तं दिवेलागणीला तेल-वात करा म्हणावं. आता गावाचं म्हणून एवढंच उरलंय, भाऊ. तुमच्या भरवशावर देतोय."

गाडीवाल्याने समई सरदारापुढे ठेवली आणि निरोप सांगितला. दलाल तिथेच बसला होता.

समई सोन्यासारखी झळकत होती. सरदाराने डोळे बारीक केले. "मोल नको? फुकट कोण देतं? ही चोरीची आहे."

"आणि बघा ना, किती चकाकतेय," दलाल हळूच म्हणाला. "जुन्या पितळेवर हिरवा गंज असतो, सरकार. ही काल ओतलेली दिसते. दांड्यावर हा खळगा आहे ना, तो ओतणाऱ्याच्या हातची चूक."

झालं! एकच समई खोटीही ठरली आणि चोरीचीही. दोन्ही एकदम कसं असेल, हे सरदाराला सुचलं नाही. संशयाला सगळं चालतं. त्याने समई ठेवून घेतली, गाडीवाल्याला वेशीबाहेर काढलं आणि दलालाला सांगितलं, "ही मोडीत घाल."

दलाल कसला मोडीत घालतोय! त्याने समई घरी नेली, मीठ चोळलं आणि शेणाच्या खड्ड्यात पुरली. त्याच्या सगळ्या जुन्या वस्तू त्याच खड्ड्यात जुन्या होत असत.

इकडे गाडीवाल्याने गावकऱ्यांना गाठून खरं ते सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसेना. "त्यानंच विकून खाल्ली," लोक म्हणू लागले. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाला दारात पाणीसुद्धा मिळेना. संशय हा असा असतो, एका घरातून निघाला की गावभर फिरतो.

झाडलोट करणारी बाई मात्र म्हणाली, "मी डोळ्यानं बघून येते. चला, मला गाडीतनं न्या."

ती शहरात पोचली, त्या दिवशी राजा स्वतः दालन बघायला आला होता. गाडीवाल्याला वेशीवरच अडवलं. बाई एकटीच आत गेली.

दालनाच्या मधोमध, सगळ्यांत उंच चौथऱ्यावर, हिरव्या गंजाने माखलेली एक समई होती. दलाल शेजारी हात जोडून उभा होता. सरदार रंगात येऊन राजाला सांगत होता, "महाराज, ही बुडालेल्या राजवाड्यातली. शत्रू आत शिरला, तेव्हा राणीने ही ढालीसारखी धरली. हा पाहा दांड्यावर तलवारीचा घाव!"

बाई पुढे झाली आणि किंचाळलीच. "अगं बाई, ही तर आमची समई! हिला कुणी घासली कशी न्हाई?"

कुणी अडवायच्या आत तिने समई मांडीवर घेतली, कनवटीची चिंच काढली आणि घासायला लागली.

"घासू नकोस!" सरदार ओरडला. "तिचं सगळं जुनेपण जाईल!"

"जाऊ द्या," राजा म्हणाला. "बघू तरी खाली काय आहे."

गंज निघाला आणि खालून सोन्यासारखं पितळ वर आलं. घासताना बाईने दांडा धरला होता. तिचा अंगठा त्या खळग्यात अचूक बसला होता.

"हा तलवारीचा घाव?" राजाने विचारलं.

"घाव कसला, म्हाराज? माझी सासू हितंच अंगठा ठेवून घासायची. तिची सासू बी. पितळ झिजलं ते."

सरदाराचं तोंड उतरलं. त्याने तो खळगा आधी पाहिला होता. तेव्हा समई चकचकीत होती आणि त्याने तिला खोटी म्हटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या रोज घासलेली वस्तू झळकणारच, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने वळून पाहिलं, तर दलाल केव्हाच पसार झाला होता.

बाईने समई पदराखाली घेतली. "गावाचं गाव तुमच्या तळ्यात गेलं, म्हाराज. ही तेवढी मी नेते," ती म्हणाली. राजाने मान खाली घातली. तिला कुणी अडवलं नाही.

वेशीबाहेर गाडीवाला बैलांपाशी बसला होता. समई बघून तो उठला.

"भाऊ, तुमचंच खरं होतं," बाई म्हणाली. "आता गाडी जुंपा. चारी दिशांच्या आपल्या माणसांना दाखवायचीय, आणि काय झालं ते माझ्या तोंडानं सांगायचंय."

सरदार मात्र त्या दिवशी बाह्या सावरून चिंच घेऊन बसला. एकेक वस्तू घासली की गंजाखालून आपल्याच बाजारातल्या कासाराचा ठसा निघे. कासार अजून दुकानात बसून भांडी ठोकत होता. पाट्या उतरत गेल्या आणि चौथरे रिकामे होत गेले. एका कोपऱ्यातल्या काही वस्तू तेवढ्या खऱ्या निघाल्या. त्या गाडीवाल्याने आणलेल्या होत्या, आणि त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: जे कानाला गोड लागतं त्यावर आधी संशय घ्यावा, आणि जो 'माहीत नाही' म्हणतो त्याच्यावर सगळ्यांत शेवटी.